लाँचचं इंजन गळत नव्हतं, मामा

लिंबाजीमामा,

तुम्ही गेल्याचं मला एसटीत कळलं. देवगाव फाट्याला दोन शेतकरी चढले आणि माझ्या पुढच्या बाकावर बसले. एकाच्या मांडीवर फडक्यात बांधलेला पंपाच्या इंजनाचा काहीतरी भाग होता. तो दुसऱ्याला म्हणाला, "आता ह्ये दाखवावं कुणाला? जिंतूरचा लिंबाजी तर परवाच गेला की."

"कोन, इंजनवाला? लय वाईट झालं."

मग ते पेरणीबद्दल बोलायला लागले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. कंडक्टरनं दोनदा विचारलं, बाई, बरं वाटंना का.

रडू आलं नाही. पहिल्यांदा मनात आलं ते हे, की सांगायचं राहून गेलं. आणि त्याच्या पाठोपाठ, त्याहून वाईट, असं आलं की आता सांगावं लागणार नाही. हा दुसरा विचार क्षणभरच टिकला. पण आला होता. तुमच्याशी आता आणखी खोटं बोलून काय करू?

तुमची माझी ओळख पाण्यावरची. धरण झालं आणि पलीकडचं गाव तीन बाजूंनी पाण्यात गेलं. रस्त्यानं जायचं तर अर्ध्या दिवसाचा वळसा. म्हणून सरकारी खात्यानं लोकांसाठी एक लाँच दिली होती, सकाळी दोन फेऱ्या, संध्याकाळी दोन. मी तेवीस वर्षांची, नोकरीचं पहिलंच वर्ष. शाळा पलीकडच्या गावात, आणि मी आईबरोबर अलीकडे कॉलनीतल्या एका खोलीत राहायची. तुम्ही लाँचचे ड्रायव्हर, रोजंदारीवरचे. सगळे तुम्हाला मामा म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले. तुम्ही मला बाई म्हणायचात, आणि "बाईंना जागा द्या" म्हणून पुढचा बाक मोकळा करवायचात.

ती लाँच म्हणजे लाकडी बोट, आणि तिच्या पोटात ते दोन सिलिंडरचं डिझेल इंजन. कुठल्याशा बंदरात आयुष्य काढून आमच्या गोड्या पाण्यात आलेलं. "म्हातारं हाय, बाई," तुम्ही सांगायचात. "समुद्रातनं आलंय. हितं त्याला करमंना झालंय." हँडल मारून चालू करताना तुमच्या मानेच्या शिरा फुगायच्या. त्याआधी तुम्ही गावोगाव विहिरींवरची इंजनं दुरुस्त करत होता. हे त्यांचंच मोठं भावंड, असं म्हणून ते तुम्ही हाताळायला शिकला होतात. कुणी शिकवलं नव्हतं.

इंजन तेल गाळायचं. लाँचच्या बुडाला साचलेल्या पाण्यावर काळा तवंग असायचा, आणि मागच्या बाजूला, इंजनाच्या जड फिरत्या चाकापाशी, फळ्या तेलानं चिकट झालेल्या. माझ्या दोन साड्या त्यात गेल्या. खात्याचा मेकॅनिक एकदा येऊन बघून गेला. तेल अडवणारं मागचं सील गेलंय, म्हणाला. सील बदलायचं तर अख्खं इंजन उचलून बाहेर काढावं लागणार, आणि सील कुठून आणणार ते त्यालाही माहीत नव्हतं. तुम्ही मला अर्ज लिहायला सांगितलात. तुम्हाला सही करता यायची, वाचता यायचं, पण ऑफिसची भाषा नको वाटायची. मी लाँचच्या बाकावर बसून लिहिलं, आणि शेवटी "आपला आज्ञाधारक" लिहिलं तेव्हा तुम्ही हात आडवा केलात.

"ते खोडा, बाई."

"अहो मामा, तशी पद्धत असते."

"पद्धत आसंल. मी नौकर हाय. आज्ञाधारक न्हाई."

"पण अर्थ तोच होतो."

"मंग नौकर लिवा की. अर्थ तोच व्हतोय तर."

या मुद्द्यावर आपण पुढं कितीतरी वेळा भांडलो. मी खोडायची नाही, तुम्ही सही करायचा नाहीत. शेवटी मी नुसतं "आपला" लिहून खाली जागा सोडायची आणि तुम्ही सही ठोकायचात. असे पाच अर्ज गेले. सील आलं नाही.

मग एका सोमवारी तुम्ही मला म्हणालात, "बाई, शाळतले खडूचे तुकडे टाकून देता का ठेवता?"

मला वाटलं घरातल्या लेकरांसाठी हवेत. मी पावडरच्या रिकाम्या डब्यात तुकडे भरून आणले. तुम्ही आधीचा अख्खा रविवार घालवून रॉकेल आणि चिंध्यांनी ते इंजन असं धुतलं होतं की त्याचा हिरवा रंग मी पहिल्यांदाच पाहिला. खडू तुम्ही बाटलीखाली चिरडून पीठ केलं, ते तुमच्या दस्तीत बांधलं आणि ती पुरचुंडी इंजनावर हलकी हलकी आपटत सगळीकडे पांढरं करून टाकलं. उतारू हसायला लागले. कुणीतरी म्हणालं, "मामा, लगीन हाय का इंजनाचं?"

"तेल जितनं पैल्यांदा निघंल तितं खडू काळा पडंल," तुम्ही मला समजावलंत. "मंग ते वाहत कुठं बी जाऊ द्या."

मी शहाणपणा केला. म्हटलं, तेल मागं चाकापाशी दिसतंय, तर गळतीही तिथंच असणार. तुम्ही मान हलवलीत. "चाक फिरतंय. त्याच्यावर थेंब पडला की ते चारी बाजूला उडवतंय. त्याला सगळे चोर म्हणायलेत, पण चोरी त्यानं केलेली न्हाई."

काठाला बांधून अर्धा तास इंजन चालवलं, काही नाही. बोजा घेतल्याशिवाय ते गळणार नाही, असं तुमच्या लक्षात आलं. पण बोजा घेऊन निघायचं तर तुम्हाला सुकाणू सोडता येणार नव्हतं. मग तुम्ही माझ्याकडे बघितलंत.

"बाई, तुमी बघता?"

मी पदर खोचून इंजनाच्या लाकडी खोक्यापाशी उकिडवी बसले. "नीट खोचा," तुम्ही मागून ओरडलात, "चाक पदर वळखत न्हाई!" कानात नुसता धडधडाट. पाणी अर्धं ओलांडलं असेल, आणि मला दिसलं. वरच्या अंगाला, एका चपट्या पत्र्याच्या झाकणाच्या कडेला, खडूवर आधी एक राखी ठिपका आला. तो वाढला, त्याची रेघ झाली, रेघ खालच्या कंगोऱ्यावरून सरकत मागं गेली आणि चाकापाशी पोचली. मी ओरडले, "मामा, वरून येतंय! झाकणातून!"

तुम्ही सुकाणू धरूनच एवढे मोठ्यानं हसलात की सगळे दचकले. "सील बरं हाय! म्या म्हनलं न्हवतं? सील बरं हाय!"

मामा, माझ्या साऱ्या नोकरीत मला इतका आनंद क्वचित झाला असेल.

ते झाकण तुम्ही काढलंत. आधीच्या कुणीतरी गळती थांबवायची म्हणून बोल्ट आवळून आवळून ते वाकडं केलं होतं. तुम्ही ते काठावरच्या सपाट धोंड्यावर ठेवून सरळ ठोकलंत. पॅकिंगचा कागद झाकणावर धरून छोट्या हातोडीनं कडेकडेनं टकटक करत कापलात, कात्री लावलीच नाहीत. आणि बसवताना बोल्ट बोटांनी घट्ट करून वर पान्ह्याचा जेमतेम एक हिसका. आठ दिवस कोरडं राहिलं. नवव्या दिवशी भलत्याच सांध्यातून तेल यायला लागलं. दुसरा कुणी असता तर हात टेकले असते. तुम्ही दोन दिवस एकेक सांधा पुसून बघत होतात. तिसऱ्या दिवशी इंजनाच्या डोक्याजवळची एक वाकडी नळी काढून मला दाखवलीत. तेल आणि काजळीचा चिकटा आत बसून ती बुजून गेली होती.

"ही त्याची श्वासाची नळी. दम कोंडला की सापडंल त्या फटीतनं तेल भायेर ढकलायलंय. किती झाकनं बदलायची?"

नळी तारेनं आणि रॉकेलनं साफ केलीत. पुन्हा खडू लावलात. त्यानंतर मी रोज सकाळी चढल्यावर आधी खोक्यात डोकवायची. पांढरंच असायचं.

तो पावसाळ्याचा सुमार. त्याच दिवसांत विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आम्ही रेडिओवर ऐकत होतो. दूर कुठंतरी चाललंय असं मला वाटत होतं.

पलीकडच्या गावातल्या दलित वस्तीवर दगड पडले तेव्हा सकाळची शाळा भरलेली होती. मग दोन छपरं पेटली. हेडमास्तरांनी मुलांना घरी पिटाळलं, शाळेला कुलूप लावलं आणि मला म्हणाले, तुम्ही काठावर जा. मी धावत काठावर आले. लाँचची वेळ नव्हती, तरी लाँच उभी होती. कॉलनीच्या काठावरून धूर बघून तुम्ही ती आणली होती. वस्तीतल्या बाया, म्हातारी माणसं, गाठोडी, कोंबड्या, सगळं काठावर गोळा झालेलं. तुमची सख्खी मावशी त्यात होती, हे मला नंतर कळलं.

"मामा, ऑफिसला विचारलंत का?" मी विचारलं. बघा, मला सुचलं ते हे.

"इचाराया गेलो आसतो तर ह्यास्नी कुणी न्यावं?"

मी पहिल्याच फेरीत चढले. मला कुणी चढा म्हणालं नव्हतं. माझ्या अंगावर कुणी दगड उचलला नव्हता. एक बाई कडेवरचं मूल घेऊन मागं राहिली, दुसऱ्या फेरीसाठी. तिच्याकडे मी बघितलं आणि बसून राहिले. हेही तुम्हाला कधी बोलले नाही.

वीस माणसांच्या लाँचमध्ये तुम्ही पस्तीस घेतली होती. पाणी काठाच्या फळीला चाटत होतं. इंजन असं कण्हत होतं की मला वाटलं आता बंद पडेल. मधोमध आल्यावर तुम्ही ओरडलात, "बाई, खोकं उघडा! पांढरं हाय का?"

मी उघडून पाहिलं.

"पांढरंच आहे, मामा!"

त्या एवढ्या गर्दीत, एवढ्या रडारडीत, तुमच्या तोंडावर समाधान दिसलं. तुम्ही तीन फेऱ्या केल्यात. काठावर कुणी उरलं नाही.

पंधरा दिवसांनी शाळा पुन्हा सुरू झाली. गावात एक वजनदार गृहस्थ होते, त्यांना सगळे अण्णा म्हणत. शाळेची खोली त्यांच्याच जागेत होती. मधल्या सुट्टीत ते आणखी तिघांना घेऊन आले.

"बाई, तुमचं अक्षर लय नामी हाय. एक अर्ज लिवून द्या."

"कशाबद्दल?"

"लाँचबद्दल. इंजन गळायलंय. तेलावरून मान्सं घसरायलीत. लेकराबाळांच्या जिवाला धोका हाय आन् डायवरचं ध्यान न्हाई. दुसरा डायवर द्या म्हनावं."

मी म्हणाले, "अण्णा, गळती तर बंद झालीय."

ते हसले. "तुमी मास्तरीन हाव का फिटर?" मग आवाज खाली आणून, अगदी घरच्यासारखं, म्हणाले, "तुमाला रोज हिकडं यायचं हाय. एकट्या येता. आमी सांभाळून घेतोच की न्हाई?"

त्यांनी त्याहून जास्त काही म्हटलं नाही. मला पुष्कळ वर्षं वाटत होतं की त्यांनी मला धमकावलं. पण त्या दिवशी मी नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं, हे मी तपासून बघितलंच नाही. कदाचित काही झालं नसतं. ते दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊन गेले असते, वाईट अक्षरात.

मी वहीचा मधला कागद फाडला आणि लिहिलं. "इंजिनातून सतत तेलगळती होत असून संबंधित चालक त्याकडे हेतुपुरस्सर दुर्लक्ष करीत आहे." हेतुपुरस्सर हा शब्द अण्णांचा नव्हता, मामा. माझा होता. त्यांनी सांगितलं तेवढंच लिहिलं असतं तर निदान एवढं म्हणता आलं असतं की मी नुसता हात होते. लिहून झाल्यावर मी शुद्धलेखनही तपासलं. शेवटी "आपले आज्ञाधारक" लिहिलं, आणि खाली गावकऱ्यांच्या सह्या आणि अंगठे उमटले. माझी सही नव्हती. तेवढ्यावर मी स्वतःची समजूत घातली. मी ना त्यांच्यातली ना तुमच्यातली, असंही स्वतःला सांगून पाहिलं.

रोजंदारीच्या माणसाला काढायला चौकशी लागत नाही. पण ऑफिसातल्या एका भल्या साहेबानं तुम्हाला बोलावून तो कागद दाखवला. तुमच्यासाठी लिहिलेले पाच अर्ज त्याच अक्षरात होते. तुम्हाला विचारावंही लागलं नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही काठावर उभे होतात. लाँचमध्ये नाही, बाहेर. लाँचवर नवा माणूस हँडल मारत होता. अंगात धुतलेला सदरा होता तुमच्या. तेलाचे डाग नसलेले तुम्ही मला परके वाटलात.

"बाई, एक इचारू का?"

मी थांबले.

"ते तेलाचं तुमी लिवलं?"

मी नजर लाँचकडे वळवली.

"लिवायचंच व्हतं तर दुसरं कायबी लिवायचं. लिंबाजीनं न इचारता लाँच नेली, लिवायचं. ते खरं हाय. मी साहेबापुढं कबूल केलं आसतं. पन इंजन गळतंय?" तुमचा आवाज चढला नव्हता. तुम्हाला खरंच समजत नव्हतं. "तुमी सोता बघितलं व्हतं की, बाई. तुमी सोता सांगितलं मला, पांढरं हाय म्हून."

आणि मी म्हणाले, "मला शाळेला उशीर होतोय, मामा."

तुम्ही बाजूला झालात. "बरं. जावा," म्हणालात. फळीवर पाय ठेवताना माझा तोल गेला आणि सवयीनं तुमचा हात पुढं आला. मी तो धरला आणि चढले.

पुढं काय झालं ते तुम्हाला कुणी ना कुणी सांगितलं असेलच. नव्या माणसानं ती श्वासाची नळी कधी उघडून बघितली नाही. दिवाळीपर्यंत तेल परत यायला लागलं, त्यानं बोल्ट आवळले, झाकण पुन्हा वाकडं झालं. माझा अर्ज असा खरा ठरला. उन्हाळ्यात लाँच काठाला ओढून ठेवली ती ठेवलीच.

चार वर्षांनी माझी बदली जिंतूरला झाली. तिथं रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये तुमचं दुरुस्तीचं दुकान दिसलं, आणि मी रस्ता बदलून शाळेला जायला लागले. पण जून उजाडला आणि तुम्हीच शाळेच्या दारात उभे राहिलात, मुलीचा हात धरून. सुनंदा, पाचवीत.

"बाई, हिला तुमच्या वर्गात घ्या. वाचती चांगली, गणिताला कच्ची हाय."

मी घेतलं. तिला घरी बोलावून शिकवलं, पुस्तकं दिली, शिष्यवृत्तीला बसवलं. गावात लोक म्हणत, बाईंनी लिंबाजीची पोरगी पोटच्या लेकीसारखी घडवली. मी ते ऐकून घ्यायची. ती हुशार होती हे खरं, आणि माझा तिच्यावर जीव जडला हेही खरं. पण तिची वही तपासताना दर वेळी मला वाटायचं की मी तुमच्याकडून काहीतरी परत विकत घेतेय. तुम्ही मात्र दर वर्षी संक्रांतीला तिच्या हाती तिळगूळ पाठवायचात. कधी दुकानावरून गेले तर स्टूल पुसून द्यायचात, कुठल्यातरी इंजनाचं दुखणं सांगायचात. "ह्याला बी सगळे सील बदल म्हनायलेत, बाई." त्या काठावरच्या सकाळीबद्दल तुम्ही एक शब्द काढला नाहीत. मी त्याला क्षमा समजायला लागले होते. तुम्ही तशी काही क्षमा केली होती का, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, म्हणून नाही विचारलं.

या जानेवारीत विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला, नामविस्तार झाला. त्या दुपारी मी ठरवून तुमच्या दुकानात आले. तुम्ही पेढ्यांचा पुडा उघडून बसला होतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला देत. मलाही दिलात. "सोळा वर्सं लागली, बाई. किती मान्सं गेली मधी." मी म्हणाले, "मामा, मला तुमच्याशी त्या अर्जाबद्दल..." तेवढ्यात पालमकडचा एक माणूस जीपमधून इंजनाचं हेड घेऊन उतरला. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "बोला, बाई. बोला तुमी." तुम्ही त्याला थांबवलं होतंत. तुम्ही वाट बघत होतात. आणि मी म्हणाले, "काही नाही, पुन्हा येईन."

जीपवाल्याचं निमित्त नव्हतंच मामा. तुम्ही मला वाट करून दिली होती आणि मी मागं फिरले.

काल बौद्ध रीतीनं तुमचं पुण्यानुमोदन झालं. घरापुढं मांडव, वंदना झाली, मग लोक एकेक उठून तुमच्याबद्दल बोलले. त्या तीन फेऱ्यांबद्दल बोलले. तुमच्या मावशीचा मुलगा बोलताना रडला. मग कुणीतरी म्हणालं, आता आपल्या बाई दोन शब्द बोलतील.

मी उठले आणि सांगितलं. सगळं. अर्ज माझ्या अक्षरातला होता, इंजन गळत नव्हतं, मला माहीत होतं, मी तरी लिहिलं. हेतुपुरस्सर शब्द माझा होता हेही सांगितलं. बोलताना मला हलकं वाटत गेलं. एवढं हलकं, की समोरच्यांच्या चेहऱ्याकडे माझं लक्षच नव्हतं. मी खाली बसले. पुढं कुणी बोलायला उठलं नाही.

सुनंदा मला बाजूला घेऊन गेली, पाण्याच्या टाकीपाशी. ती आता नांदेडला नर्स आहे. ताठ उभी राहते, तुमच्यासारखी.

"बाबाला ठावं व्हतं?" तिनं विचारलं. माझ्याशी ती नेहमी शाळेतलं मराठी बोलते. काल बोलली नाही.

"हो."

"कधीपून?"

"पहिल्या दिवसापासून."

ती टाकीच्या तोटीकडे बघत राहिली. "ते वर्स आमी आजोळी काढलं. बाबा परभणीला हमाली करायचे. आई म्हनायची, कुणीतरी चुगली केली. बाबाला इचारलं की ते म्हनायचे, जाऊ द्या, गावानं केलं. गावानं केलं, एवढंच." मग माझ्याकडे वळली. "आन् सोता मला तुमच्या वर्गात आनून बसवलं."

"सुनंदा, मला तेव्हाच सांगायला हवं होतं."

"त्यास्नी सांगायचं व्हतं, बाई. आमाला न्हाई." तिचा आवाज अजिबात कापला नाही. "बाबानं सोळा वर्सं पोटात ठिवलं, मला मास्तरीन ऱ्हावी म्हून. तुमाला आजचा येक दिवस ठिवता आलं न्हाई?"

  मी सांगून मोकळी झाले होते आणि तिची लहानपणची बाई मी तिच्याकडून काढून घेतली होती, तुमच्या मांडवात, तुमच्या माणसांसमोर. तुम्ही एवढं जपून ठेवलेलं.

मी पिशवी उचलली आणि निघाले. तशी ती म्हणाली, "जेवून जावा. बाबाच्या दारातनं कुणी उपाशी जात न्हाई."

पंगत बसली होती. मी शेवटाला बसले. माझ्या शेजारची जागा रिकामीच राहिली, लोक पलीकडच्या रांगेत दाटीवाटीनं बसले. तुमची कौसल्याबाई, सुनंदाची आई, वाढायला आली. तिनं ऐकलं होतं सगळं. माझ्या पानाशी थांबली, भात वाढला, त्यावर वरण घातलं. मी वर बघितलं, पण ती माझ्याकडे बघत नव्हती, पानाकडे बघत होती, वरण वाहून जातंय का ते. मग पुढं गेली.

मी जेवले, मामा. पानात काही टाकलं नाही.